नावं न देता

पावसच्या आंबा बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी दुपारी मी त्यांना आमच्या पडवीत जमवू लागले. नेपाळी बोलणाऱ्या एक समुपदेशक मुंबईहून यायच्या. माणसं आधी गप्प बसत, मग गावाकडचं बोलणं निघे, कुणीतरी रडे. समुपदेशकांचा प्रवासखर्च आणि मानधन बागायतदारांचं मंडळ देत असे.

एका राखणदाराची बायको यायची. नेपाळात आजीकडे ठेवलेलं तिचं बाळ तापात गेलं. आंब्याची काढणी चालू होती, तिला जाता आलं नाही. तेव्हापासून ती जेवेना, बागेतल्या विहिरीच्या काठावर एकटीच बसून राही. नवरा मला म्हणाला होता, "बाई, शेटला सांगू नको. काम जाईल."

त्याचे शेट म्हणजेच मंडळाचे अध्यक्ष. मार्चअखेर, मंडळाचं वर्ष संपताना, बैठक त्यांच्याच घरापुढच्या खळ्यात भरली. पलीकडे तो राखणदार आंब्याच्या पेट्या ठोकत होता.

"पैसे देऊ, पण कोण कोण येतं त्यांची नावं द्या," अध्यक्ष म्हणाले. "उद्या कुणी जिवाचं बरंवाईट केलं तर पोलीस आमच्या दारात येतील."

त्यांची भीती खोटी नव्हती. "नावं दिली तर कुणीच येणार नाही," मी म्हटलं.

"बरं, माझ्या गड्याची बायको येते का, तेवढं सांगा. विहिरीवर बसलेली असते म्हणे."

हातोडीचा आवाज थांबला. राखणदाराकडे बघायचं नाही, एवढंच मी मनाशी घोकत होते.

"ते मी सांगणार नाही."

"मग पैसे विसरा."

मागे बसलेले एक बागायतदार खाकरले. त्यांचा उमेदीचा काळ मालवाहू जहाजांवर गेला होता.

"आई गेल्याचं मला भर समुद्रात कळलं," ते म्हणाले. "कठड्याशी उभा राहून खाली पाणी बघत बसायचो. एका सोबत्याला बोललो. त्याने कप्तानाच्या कानावर घातलं असतं, तर पुढच्या बंदरात मला उतरवलं असतं. तो गप्प राहिला आणि रोज माझ्या शेजारी जेवायला बसला. माझ्या वाटणीचे पैसे मी देतो. मला नावं नकोत."

मंडळाचे पैसे बंद झालेच. जहाजावरचे ते बागायतदार आणि आणखी दोघं स्वतःच्या खिशातून देऊ लागले. समुपदेशक आता महिन्यातून एकदा येतात, एरवी फोनवर बोलतात.

बैठकीनंतरच्या रविवारी राखणदाराची बायको आली नाही. चार वाजेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. संध्याकाळी त्यांच्या बागेवरून उगाचच चालत गेले. खोलीतून चुलीचा धूर निघताना दिसला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. त्यानंतरच्या रविवारी नवराच तिला घेऊन आला. ती समुपदेशकांशी फोनवर बराच वेळ बोलली, मग माझ्याकडे चहा मागितला.

अध्यक्ष एसटी स्टँडवर दिसले तर अजून मान वळवतात. राखणदाराला मात्र त्यांनी काढलं नाही. का, ते मी विचारलेलं नाही.