आधीच ठरलेली जागा

बाबांनी सगळा जन्म सरकारी कचेरीत कारकुनी केली. त्यामुळे नोकरीची जाहिरात वाचून ते निवड कोणाची होणार हे सांगू शकतात, असा आमच्या घरात समज होता. तो अगदीच खोटा नव्हता. साहेबाच्या माणसाला नेमक्या बसतील अशा अटी त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केल्या होत्या, आणि हे ते लपवतही नसत.

पीएच.डी. होऊन मला तीन वर्षं झाली होती. बोथजवळच्या आमच्या गावाहून रोज आदिलाबादला जाऊन मी एका खासगी कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. तिथली प्रयोगशाळा बहुतेक बंदच असायची. हात नुसते शिवशिवत. संशोधनात परत जायला पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची संशोधकाची जागा, हा एकच रस्ता उरला होता, आणि पुढच्या वर्षी माझं वय अटीत बसणार नव्हतं.

अशात एका विद्यापीठाची जाहिरात दिसली. रसायन अभियांत्रिकीचा प्रकल्प, पोस्टडॉकची जागा एक. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, कोळशाने बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचा अनुभव हवा. गावोगाव फिरावं लागेल, म्हणून तेलुगू आणि मराठी दोन्ही यायला हव्यात. माझं काम तेच, भाषाही त्याच! मी हरखून बाबांना मोबाइल दाखवला.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "इतक्या बारीक अटी? नाव ठरलेलं हाय, पोरी. काऊन दरखास्त करून राह्यली? कागद पुरे कराले?"

मला ते लगेच पटलं, याचा आजही राग येतो. माझ्या गाइडचा एक लाडका विद्यार्थी भैंशाचा होता. विषय जवळपास तोच, दोन्ही भाषा येणारा. झालं, जागा त्याच्यासाठीच काढलीय, असं माझ्या डोक्यात चोख बसलं. मग मुदत इतकी थोडी का, गाइडनी आपल्याला कळवलं कसं नाही, जिथे तिथे काळंबेरंच दिसू लागलं. अर्धा भरलेला अर्ज मी तसाच सोडला. शेवटची तारीख चडफडत जाऊ दिली. त्या विद्यार्थ्याने तर जाहिरात पाहिलीही नव्हती, हे मला पुढे कळलं.

चार दिवसांनी त्या प्रकल्पाच्या प्राध्यापकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुमचा अर्ज दिसला नाही. तुमचा पेपर वाचूनच मी हा प्रकल्प लिहिला होता. आता पोर्टल बंद झालं, माझ्या हातात काही नाही."

"मग आधी एक फोन का नाही केला, सर?" मी जवळजवळ ओरडलेच.

"जागा सगळ्यांसाठी होती. एकालाच आधी सांगणं बरोबर नव्हतं."

फोन ठेवून मी बाबांना सगळं सांगितलं, टोचून टोचून सांगितलं.

"असेबी मानसं असतेत?" त्यांनी विचारलं.

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि इतकी शिकूनही मला नव्हतं.