राहिलेलं कडवं

काका आयुष्यभर सायकली दुरुस्त करता करता गाणी रचत आले, पण त्यांना कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. मग एका तरुण बँडने त्यांचं जुनं गाणं गायलं आणि पोरंपोरी दुकान शोधत येऊ लागली. घर सोडून गेलेल्या बायकोचं ते गाणं 'दार उघडंच आहे' या ओळीवर थांबायचं. बिचारे एकटे, म्हणून सगळी हळहळायची. आलेल्यांच्या हातात चहाचे कप ठेवणारी बाई कोण, हे विचारायचं मात्र एकालाही सुचत नव्हतं. काकूंचा पारा रोज चढत होता.

खरं तर गाणं तिथं संपतच नव्हतं. बँडला मिळालेली जुनी कॅसेट तिथं संपली होती.

आज भरल्या सभागृहात काका त्या ओळीपर्यंत आले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी हात वर केला. "अजून एक कडवं आहे."

बँडचा गायक त्यांच्या कानाशी लागला. "काका, इथंच थांबा. लोकांना हेच आवडतं."

पडद्याआड उभ्या काकू दोन पावलं पुढं सरकल्या. हा माणूस आता थांबला, तर त्या जन्मभर घर सोडून गेलेल्याच राहणार होत्या.

काकांनी घसा खाकरला आणि ते गाऊ लागले. ती परत आली, पण शिलाई मशीन न्यायला. एकटीला ते उचलेना, आणि मी काही हात लावला नाही.

पुढच्या रांगेतल्या मुलीला राहवेना. "मग?"

काकू तरातरा रंगमंचावर आल्या.

"मग काय? मशीन अजून तिथंच आहे."