सरिताची उलटी भिंत

सरिता माही सख्खी लहान बहीण हाय, हे पयलेच सांगून टाकतो. अख्ख्या केनवडात तिच्यावाणी डोकं नाही. रिसोड तालुक्यात असन कोणाचं तर दाखवा, मी सोता हार घेऊन येतो.

सरिता भिंतीवर पीएचडी करून राह्यली. इटामातीच्या भिंतीवर नाही. माणसाच्या एका केसाचे उभे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी बारीक पट्टी घ्या, लोखंड-निकेलची. तिच्यात अर्ध्या भागातलं चुंबक डावीकडं तोंड करून, अर्ध्यातलं उजवीकडं. दोघं जिथं समोरासमोर भिडतेत, त्या जागेले शास्त्रवाले भिंत म्हणतेत. बाहेरून चुंबकाचा जोर लावला का ही भिंत पट्टीतून पळत सुटते. तिले पाह्यजे तिथं थांबवता आलं, तर तिच्यात माहिती साठवता येते. म्हणून सरितानं पट्टीच्या काठाले एक खाच पाडली, भिंत तिथं अडकावी म्हणून. हे सारं कंप्युटरात, हिशोबानं.

कंप्युटर घरचा आन् लाइट केनवडची. हिशोब रंगात आला का लाइट जाये. आली का बिचारी सरिता भिंत हातानं पुन्हा मांडे आन् पयल्यापासून सुरू करे. पण काही वेळा भिंत खाचीत गपकन बसे, काही वेळा खाच ओलांडून पार निघून जाये.

शेजारचा गिरणीवाला देवानंद खिडकीतून डोकावे.

"काय व सरिता, अडकली का तुही भिंत?"

"अर्ध्या वेळा अडकते."

"मंग अर्धीलेच पलस्तर कर!"

"तू ज्वारीत गहू मिसळू नको देवानंददादा, तेवढं पाह्य."

पण तिच्या गाइडसरले हसू येत नव्हतं. फोनवर म्हणाले, "लाइट गेल्यानंतरचे सगळे निकाल काढून टाक. बिघडलेत ते. सोमवारी पीएचडीच्या समितीपुढं फक्त चांगले दाखवायचे. नाहीतर मी सही करणार नाही."

सही नाही तं नोंदणी खतम. इतक्या वर्षांची मेहनत मातीत.

मायनं डोक्शाले हात लावला. "काढून टाक न बापा. मोठ्या माणसाशी कायले वाकडं घेतं?"

"काढले तर मी खोटी पडीन, माय. लाइट गेली म्हणून चुंबक खोटं बोलत नसते."

मंग तिनं दोन्ही प्रकारची चित्रं शेजारीशेजारी लावली. खाचीत बसलेल्या भिंती एकीकडं, निघून गेलेल्या दुसरीकडं. पाह्यता पाह्यता पोरगी खुर्चीतून उठूनच उभी राह्यली. ही भिंत सरळ नसते. नांगराच्या फाळावाणी असते, एका काठाले रुंद, दुसऱ्या काठाले टोकदार. पयल्या खेपेले तिनं टोक खाचीकडं ठेवलं होतं. लाइट आल्यावर घाईघाईत मांडताना एक उणेचं चिन्ह सुटे, आन् टोक दुसऱ्या काठाले जाये. खाच तीच, जोर तोच. सुलटी भिंत बसे, उलटी निघून जाये.

सरले सांगतलं तर ते भडकले. "म्हणजे चूक तुझीच ना? मग काढ."

"चूक माझी आहे, सर. भिंत खरी आहे."

सोमवारी कंप्युटरवरच सभा भरली. सरनं तोंड उघडायच्या आधी सरितानं सारेच निकाल पडद्यावर मांडले, चुकीसकट. समितीतल्या बाहेरगावच्या एक मॅडम म्हणाल्या, "उलटी भिंत आत्ता चालवून दाखवता?"

"दाखवते."

मायनं अंगणातली कोंबडीसुद्दा हाकलली, आवाज नको म्हणून. उलटी भिंत खाचीपाशी आली, जराशी थरथरली आन् गेली पुढं. मंग सरितानं टोक फिरवलं. भिंत आली आन् बसली.

"जोर वाढवून पाहा," मॅडम म्हणाल्या.

"फार वाढवला तर भिंत पळता पळताच पलटते, मॅडम. टोक या काठाचं त्या काठाला जातं, वेगही मरतो. तिला ढकलून काबूत ठेवता येत नाही. तिचं टोक कुठं आहे ते आधी धरावं लागतं. मग एकच खाच हवी तिला अडवते, हवी तिला सोडते."

"मग तुमचा खरा विषय हाच आहे," मॅडम म्हणाल्या. उद्या कळवू म्हणून सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरिता चुलीपाशी चहा पीत होती तं सरचा फोन आला.

"सही करतो. दोन्ही प्रकार ठेव. फक्त ते लाइट गेल्याचं आणि चिन्ह सुटल्याचं लिहू नकोस, बरं दिसत नाही. लिही की आपण ठरवूनच उलटी भिंत मांडली."

सरितानं कप खाली ठेवला.

"आपण ठरवून नाही मांडली, सर. लाइट गेली होती, माझ्याकडून चिन्ह सुटलं. तसंच लिहीन."

मायचा जीव टांगणीले लागला.

"लिही," सर म्हणाले.