भाई कोठाऱ्यांचा स्प्रूस

वर्सोव्याची हिरा कोळीण अंधेरीत आमच्या दाराशी टोपली उतरवायची, तेव्हा बाकीची बिऱ्हाडं पापलेटाचे कल्ले उघडून बघायची. भाई कोठारे मागायचे फक्त बर्फ. माशांखालचा, वास मारणारा बर्फ पातेल्यात घेऊन हा धिप्पाड माणूस अशा थाटात घरात शिरायचा, की जणू देवाचं तीर्थ आणलंय.

"मेल्या म्हावऱ्याला बर्फ लागतंय, भाई," हिरा म्हणायची. "जित्या झाराला कनाला?"

"तुला झाडातलं नाही कळायचं. आत हिवाळा चालू आहे."

हिवाळा चालायचा मागच्या खोलीत, भिजवलेल्या गोणपाटांच्या आड. तिथे परातीएवढ्या उथळ कुंडीत वीतभर स्प्रूस होता. हिमालयात हे झाड देवळाच्या शिखरासारखं सरळ वर जातं. भाईंच्या बायकोचं, मालतीवहिनींचं, माहेर सिमल्याचं. रोप त्यांनी तिथून आणलेलं. भाईंनी एका जपानी कॅलेंडरवर असलं ठेंगणं झाड पाहिलं आणि कात्री उचलली. मुळं छाटली, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून वळण दिलं. आम्हाला वाटलं, झाडाचा हात मोडला म्हणून बांधलाय.

वहिनींना दमा होता. अंधेरीची दमट हवा त्यांना मानवणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि पौषात त्यांचा भाऊ त्यांना सिमल्याला घेऊन गेला. जाताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "रोपाकडे बघा."

त्या दिवसापासून भाईंचं डोकं एका जागी अडकलं. मला म्हणायचे, "दिगू, सिमल्याचं झाड अंधेरीत जगलं, तर सिमल्याची बायको का नाही जगणार? डॉक्टरला इथे उभा करून दाखवतो की नाही बघ."

उन्हं तापली तसा बर्फ वाढला. भाई ऑफिसातून धावत घरी यायचे आणि जेवण सोडून झाडाला विंझणवारा घालत बसायचे. मी तिथे विडी पेटवली, तर अंगावर आले. चैत्र संपला तरी नवा कोंब दिसेना.

"दमानं घेतंय," भाई म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पण हिरवं आहे ना रे? तुला दिसतं ना हिरवं?"

हिरवं तर होतंच. वहिनींनी जाण्यापूर्वी एकदा सांगितलं होतं, की झाडाची साल नखाने जरा खरवडायची. आत हिरवं असेल तर जीव आहे. मी नख पुढे केलं, तेव्हा भाईंनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला.

वैशाखात त्यांनी सिमल्याला तार ठोकली: झाड हिरवं, निघून ये.

वहिनी आल्या. जिना चढून वर येईपर्यंत त्यांच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. "जगलं की नाही?" म्हणत भाईंनी पडदा सारावा तसं गोणपाट सारलं. वहिनी हसल्या. "जगलं हो." भाई नाचतच बर्फ आणायला खाली उतरले.

ते गेल्यावर वहिनींनी खोडावरून नख ओढलं. आत कोरडा, तपकिरी रंग.

"भावजी, हे केव्हाच मेलंय. हे झाड मेल्यावरही बराच काळ हिरवं दिसतं. गारव्यात तर जास्तच." धाप थांबवून त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. मी राहते इथेच."

"इथे तुमचं काय होईल, वहिनी?"

दारात पाणी ठिबकलं म्हणून मी वळून पाहिलं. पातेलं छातीशी धरून भाई उभे होते.

"हिरा बरोबर म्हणायची," ते म्हणाले आणि बर्फ मोरीत ओतून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पौषात आमच्या अंधेरीत जरा वारा सुटला तरी कानटोपी घालणारा हा माणूस सिमल्याला राहायला निघाला.

"अहो भाई, तिथे गोठाल," मी म्हणालो.

"मग तिला सांग, मला उन्हात ठेव. वेळेवर पाणी घाल."

स्टेशनवर मी सोडायला गेलो, तेव्हा घामाच्या धारा लागल्या होत्या आणि भाईंनी मफलर गुंडाळलेला होता. मांडीवर ती उथळ कुंडी, रिकामी. शेजारी वहिनी. त्यांनी हळूच भाईंच्या मनगटावरून नख फिरवलं.

"खरवडतेस काय?" भाई म्हणाले. "आत हिरवं आहे."