मिर्को अंकलची बंद बॅग

मिर्को अंकलचा एक किस्सा काढला की मागून चार ढकलाढकली करत येतात. अंकल आमच्या जेद्दाच्या बिल्डिंगमध्ये समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. सर्बियाचा फुटबॉलपटू, मिडफिल्डर, वय सदतीस. सर्बिया, बोस्निया, मॅसेडोनिया मिळून अकरा क्लब झाले, इथला बारावा. दुसरा सीझन कुठेच मिळाला नाही. इथलाही करार मेपर्यंतच. पुढचा नाही मिळाला तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, अंकल खलास, आमचं शुक्रवारचं फुकट कोचिंगपण खलास.

*

बोस्नियात त्याने बुधवारी क्लब बदलला. शनिवारी मॅच नेमकी जुन्याच क्लबशी. दहा मिनिटांत पठ्ठ्याने तीन कडक पास दिले. तिन्ही जुन्या क्लबला!

मी म्हटलं, "असं कसं, अंकल?"

"डोक्याची बदली झाली होती. पायांना ऑर्डर पोचली नव्हती."

*

दोन बाजूंनी वारं लागलं की माणूस आजारी पडतो, असं त्यांच्याकडे सगळेच मानतात. म्हणून पंचेचाळीस डिग्रीत याचा एसी बंद आणि गळ्यात मफलर. एकदा बाबांच्या गाडीत पुढची काच खाली होती, मी हळूच मागचीपण खाली केली. अंकलने मफलर आवळला. सिग्नलला उतरला आणि चालायला लागला.

बाबा म्हणाले, "उतर. तूपण चाल."

अर्ध्या वाटेत अंकलला गाठलं. त्याने मला मफलर देऊ केला.

*

आमचं ऐकून तोपण आईला आईच म्हणतो. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. एकदा लाल मिरच्या, वांगी भाजून, वाटून त्याने वर्षभराच्या बरण्या भरल्या, एक आईला दिली. आईने चाखलं.

"अरे, हे भरीत. कूट विसरलास."

पाच मिनिटांत तो उरलेल्या सगळ्या बरण्या घेऊन दारात.

*

त्याची मोठी बॅग कायम दाराजवळ. वरचे दोन टीशर्ट काढतो, धुतो, परत ठेवतो, बास. मी बॅगेच्या तळाशी गजराचं घड्याळ लपवलं, पहाटे पाचचं. चार दिवस वाजत होतं. अंकलने बॅगेवर उशी ठेवली. पाचव्या दिवशी सेल संपला.

"काढायचं ना बाहेर!"

"सगळं काढलं की सगळं परत भरावं लागतं."

*

मे संपत आला. क्लबकडून काय आलं, अंकल सांगेना. विचारायची कुणाची हिंमत होईना, माझीपण.

गुरुवारी बेल वाजली. दारात अंकल, गळ्यात मफलर. माझं घड्याळ माझ्या हातात ठेवलं आणि आत बघून म्हणाला,

"आई, हँगर आहेत?"

"किती हवेत?"

"आहेत तेवढे."