काकांच्या ताब्यातली बरणी

ब्रेककाकांना हे नाव त्यांच्या शिष्यांनी दिलं होतं. गाडी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावरही शेजारी कुणी काही करू लागलं की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. काकू भाजी चिरू लागल्या तरी. अशा माणसावर बरणी सोपवून जाताना काकूंचा जीव किती खालीवर झाला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

बरणीत पावाचं खमीर होतं. पीठ आणि पाणी कालवून आंबवलेलं, काकूंनी लग्नानंतर लगेच धरलेलं. मुलगी त्याच्यानंतर झाली, म्हणून घरात खमिराला थोरलं म्हणत. बहिणीचा पाय मोडला आणि काकू तिच्याकडे निघाल्या. दारातून म्हणाल्या, "रोज सकाळी अर्धं काढून टाकायचं, उरलेल्याला पीठ-पाणी द्यायचं. थोरलं गेलं, तर मी काही परत यायची नाही." ही त्यांनी गंमत केली होती, पण काकांना ती गंमत वाटली नाही.

काढून टाकणं काही काकांच्याने होईना. क्लच जमत नाही म्हणून त्यांनी कधी कुणाला गाडीतून उतरवलं नव्हतं, मग धडधाकट खमीर मोरीत कसं ओतायचं? त्यांनी त्यात अंडं, दूध, साखर आणि चिमूटभर सोडा घालून तव्यावर पॅनकेक घातले. पहिल्या दिवशी कोळसा झाला. दुसऱ्या दिवशी बाहेरून काळं, आतून कच्चं. मग एका सकाळी ते असे काही फुलले, की समोरच्या नर्सबाई ड्यूटीवरून येता येता दारातच थबकल्या. पाठोपाठ वरचा पोस्टमन आला. पुढेपुढे लोक घरून बशी घेऊनच येऊ लागले.

काकू यायच्या त्या रविवारी काका हरभऱ्याच्या झाडावर चढलेलेच होते. वाडग्यातलं पीठ संपलं, तसा पोस्टमन म्हणाला, "काका, सासूबाई आल्यात हो. त्यांच्यापुरते दोन बघा ना."

"दोन कशाला, चार घ्या," म्हणत काकांनी मागे न बघता हात लांबवला आणि हाताला लागलेली बरणी वाडग्यात उपडी केली. अंडं, साखर, सोडा, सगळं घातलं. सासूबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. मंडळी पांगल्यावर काका बरणी नळाखाली धरायला गेले आणि त्यांचा पाय करकचून जमिनीवर दाबला गेला. पण ब्रेक लागायला उशीर झाला होता. थोरलं सासूबाईंच्या पोटात गेलं होतं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बरणी उजेडात धरली. काका भांडं घासायचे म्हणजे नुसतं ओलं करायचे, आणि ओतायचे तेही अर्धवट. ही काकूंची जन्माची तक्रार. आजही बरणीच्या कडांना, तळाला बरंच काही चिकटून राहिलं होतं. काकांनी त्यात कोमट पाणी घालून हलवलं, पीठ कालवलं, बरणी शेगडीजवळ उबेला ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. जेवायलाही उठले नाहीत.

संध्याकाळी काकू आल्या. बरणीच्या तळाशी जेमतेम बोटभर पीठ बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली. "थोरलं कुठंय?"

काकांनी सगळं सांगितलं, सासूबाईंसकट. काकूंनी झाकण काढून वास घेतला, बरणी तिरकी केली. कडेला एक बुडबुडा आला, फुटला, आणि त्याच्यामागून दुसरा आला.

"जन्मभर ओरडले तुमच्यावर, भांडी नीट खरवडा म्हणून," काकू म्हणाल्या. "ऐकलं नाहीत तेच बरं झालं."

काकांना इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. ते लपवायला त्यांनी झाकलेली बशी पुढे केली. "त्या चारातला एक ठेवलाय तुझ्यासाठी. थोरलं आहे त्यात."

काकू उभ्याउभ्याच खाऊ लागल्या. अर्धा संपल्यावर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "या घरात आयतं खायला आज पहिल्यांदा मिळालं हो मला. उद्यापासून अर्धं तुम्हीच काढा."