चोविसावं नाव

माक जुमारीच्या घरात शिरायचं तर आधी तेवीस मेलेल्या माणसांसमोरून जावं लागे. बाहेरच्या खोलीच्या उजव्या भिंतीवर त्यांचे फोटो होते, तीन रांगांत, प्रत्येक चौकटीवर गावच्या फुटबॉल क्लबचा हिरवा मफलर. त्यांतला एक तिचा नवरा. बाकीचे बावीस कोणाकोणाचे. कोणी झेंडे शिवणारा, कोणी परगावच्या सामन्यांना ट्रक देणारा, कोणी तांदूळ पुरवणारा गिरणीवाला हाजी. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. खोलीत बसायला खुर्ची नव्हती, कारण खुर्च्यांच्या जागी अकरा ढोल होते. कपाट होतं, पण त्यात झेंडे. बाईचे स्वतःचे कपडे स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपाशेजारी, एका प्लॅस्टिकच्या टोपलीत.

गाव जावा बेटाच्या पूर्व भागातलं, साखर कारखान्याचं. क्लब दर दोन-तीन वर्षांनी वरच्या गटात चढणार चढणार म्हणून खाली घसरणारा. पण पाठीराखे असे की हरले तरी घसा बसेपर्यंत गाणार. 'बाला तेबू', म्हणजे उसाची फौज, हे त्यांचं नाव. जुमारी हा त्या फौजेचा पहिला ढोलवाला. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्याने ढोल घरी आणले, दोन दिवसांपुरते. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

भिंतीवरचे पहिले तीन फोटोही त्यानेच लावले. सामन्याहून परतताना ट्रक उलटला आणि तीन पोरं गेली. तेव्हा तिने स्वतः हातात खिळे दिले होते, रडत रडत. त्या दुःखात खोट नव्हती. पण मग दरवर्षी एखादा खिळा वाढत गेला, आणि चौदा वर्षांपूर्वी जुमारीचाच फोटो लागला. नवरा गेला, ढोल राहिले. उसाची फौज तिला 'माक' म्हणू लागली, आई. माक जुमारी. परगावच्या सामन्याला साठ माणसांचा भात माक रांधणार, पावसात भिजलेले झेंडे माक वाळवणार, आणि मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गेलेल्यांचं पुण्यस्मरण होई, तेही माकच्याच खोलीत. चटया अंथरायच्या, गावचा मोदिन, म्हणजे मशिदीतले विधी करणारा, एकेक नाव घेणार, नावामागून सगळे फातिहाची प्रार्थना म्हणणार, आणि शेवटी घरी न्यायला प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानातला भात. तो भात कोण बांधणार, हे विचारायची सोय नव्हती.

लोक म्हणत, माकला केवढा मान! मान होताच. त्या मानाने तिला अगदी चारी बाजूंनी बांधून घातलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असतो, फक्त इथे बुक्की मारणारा आधी हात हातात घेऊन कपाळाला लावत असे.

तिला जायचं होतं. फार लांब नाही, बसने सहा तासांवर, बान्युवांगीला, थोरल्या बहिणीकडे. सामिनी एकटीच राहायची, समुद्राकाठी, सुकी मासळी विकत. तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याचं काही खरं नाही असं डॉक्टर म्हणाला होता. दर शुक्रवारी ती फोनवर म्हणे, "तिनी, ये ग बाई. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर ये. मग आलीस तर मी काय, तुझा चेहरा चाचपून बघू?" जगात तिला तिनी म्हणणारं ते एकच तोंड उरलं होतं.

ती दोनदा निघाली होती. पहिल्यांदा पिशवी भरून दारात ठेवली, तर त्याच सकाळी कर्णा वाजवणारा तुमिरान गेला. त्याचा जनाजा आधी माकच्या दारात आणला, क्लबचं गाणं म्हणायला. जनाजा दारात असताना पिशवी घेऊन बाहेर पडणार कोण? दुसऱ्यांदा तिने फौजेचा म्होरक्या रोफिक, ज्याला सगळे कांग, म्हणजे दादा, म्हणत आणि ज्याचं टायरचं दुकान होतं, त्याला सरळ सांगितलं, की ढोल आणि फोटो दुसरीकडे न्या, मी घर बंद करून बहिणीकडे चालले. रोफिकने मान डोलावली, डोळे पुसले, आणि पुढच्या सामन्यात पाच हजार लोकांसमोर तिला मैदानात नेऊन जाहीर केलं की माक जुमारी आजपासून बाला तेबूच्या आजन्म आश्रयदात्या! गळ्यात पट्टा, हातात फुलं, पाच हजार माणसं उभी. हरभऱ्याच्या झाडावर चढवून खालची शिडी काढून घ्यावी, तसं झालं. आश्रयदात्यांच्या नोंदीला म्हणून तिच्याकडून घरच्या कागदाची एक नक्कलही मागून नेली. त्यालाही सहा वर्षं झाली. भीड भिकेची बहीण, हे तिला कळत होतं. पण तोंडातून शब्द फुटत नसे.

आणि समजा फुटला, तरी बू काम्सियाचं, काम्सियाबाईचं, काय? ट्रक उलटून गेलेल्या तिघांपैकी एकाची ती आई. दर गुरुवारी येई, फोटोखाली चमेलीची फुलं ठेवी आणि म्हणे, "तू आहेस म्हणून माझं पोर उघड्यावर पडलं नाही." यावर काय बोलायचं?

या वर्षीच्या रविवारी पहाटेपासून ती चुलीशी होती. रावोन, म्हणजे काळ्या रश्शातलं मांस, दोन मोठी पातेली. बाहेरच्या खोलीत गर्दी जमत होती, चपला दाराशी ढिगाने पडत होत्या. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये एक पडदा होता. गेली चौदा वर्षं तिने पुण्यस्मरण पाहिलं नव्हतं, पडद्यामागून नुसतं ऐकलं होतं.

म्बाक एन्दांग, एन्दांगताई म्हणा, पडदा सारून आत आली. ही फौजेची नवी चिटणीस, शाळेत शिकवायची, या गावात येऊन तिला तीनच वर्षं झाली होती. कामाला वाघीण. जुने फाटके कागद काढून तिने गेलेल्यांची पहिल्यांदाच छापील यादी केली होती.

"माक, काही मदत करू?"

"नको ग. पाय भाजतील, सरक."

"यंदा चोवीस नावं आहेत बरं का. एक जुनं नाव कागदांत सापडलं."

"बरं झालं," माक म्हणाली. "म्हणजे अजून एक खिळा."

एन्दांगला वाटलं माक थट्टा करतेय. ती हसून गेली.

मोदिन म्हणजे म्बाह सालेकान, सगळ्यांचा आजोबा, पंच्याहत्तरीचा म्हातारा. त्याचा आवाज अजून खणखणीत होता. तो एकेक नाव घेऊ लागला, बापाच्या नावासकट, जसं मेलेल्या माणसाचं घेतात. ट्रकमधली तीन पोरं. मग तुमिरान. मग गिरणीवाला हाजी मुस्लिह. झेंड्यांना कापड देणारी बू लिंग चिनी होती, देवळात जाणारी, तिच्या नावाला मोदिन दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "हिच्यासाठी ज्याने त्याने आपापल्या शब्दांत मागा," आणि सगळे क्षणभर गप्प बसले. जुमारी बिन सुरो. माकने सवयीने डाव खाली ठेवला, ओठ हलवले, पुन्हा डाव उचलला.

"आणि आश्रयदात्यांपैकी शेवटचं," मोदिन म्हणाला, "मरहूम... अं... मरहूमा वार्तिनी बिन्ती कासान. अल-फातिहा."

साठ गळ्यांतून फातिहा सुरू झाली.

माकच्या हातातला डाव तसाच राहिला. वार्तिनी बिन्ती कासान. कासान तिचा बाप, उसाच्या गाड्या हाकणारा. आणि वार्तिनी ती स्वतः. एकतीस वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा कोणीतरी उच्चारलं होतं, आणि ते मेलेल्यांत.

तिला वाटलं, आता कोणीतरी थांबवेल. कोणीतरी ओरडेल, अहो, ही तर आपली माक! ती ऐकत राहिली. कोणी अडखळलं नाही. रोफिकचा भरदार आवाज तर सगळ्यांच्या वर होता, अगदी मनापासून. फातिहा पूर्ण झाली, आमीन झालं, कोणीतरी खाकरलं, आणि मोदिनने पुढची प्रार्थना धरली. साठ माणसांनी तिला नीटनेटकं पोचवून टाकलं होतं, आणि आपण कोणाला पोचवलं याचा एकालाही पत्ता नव्हता. आधी तिला हसू आलं. मग राग आला.

प्रार्थना संपली तशी तिने चूल विझवली, पडदा सारला आणि हात पदराला पुसत खोलीत येऊन उभी राहिली. आजवर ती अशी मध्येच आली नव्हती. सगळे सावरून बसले.

"माक, भात आणायचा का? पोरं उठतील की," रोफिक म्हणाला.

"थांब. मला एक सांगा. ही वार्तिनी कोण?"

एन्दांगने यादी पुन्हा चाळली.

"असेल कोणी जुनी," एकजण म्हणाला.

"हाजींची धाकटी बायको होती ना, ती तर नव्हे?" दुसरा म्हणाला.

"छे! ती रुकाया. ही कारखान्यातल्या साहेबाची बाई असणार. ते लोक देणग्या द्यायचे."

"चांगली होती का हो?" माकने विचारलं.

"चांगलीच असणार की," रोफिक म्हणाला. "आश्रयदात्यांच्या कागदांत नाव आहे. एन्दांगने विचारलं होतं मला, ही कोण म्हणून. मी म्हटलं, आता दिसत नाही म्हणजे गेली असेल बिचारी. फोटो मिळाला की लावू, माक. तुमच्या भिंतीवर अजून जागा आहे."

"आहे की," माक म्हणाली. "चुलीसमोर उभं करून काढा फोटो. वार्तिनी मी आहे."

मग मागून एक हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. एन्दांगने यादी तोंडावर धरली. तिचे डोळे भरून आले होते. "माक, मला खरंच माहीत नव्हतं. घरच्या कागदावर नुसतं तेवढंच नाव होतं, आणि सगळे तुम्हाला..."

"तुझी काय चूक? तू इथे तीन वर्षांची. हे बघ ना, तीस-तीस वर्षं माझ्या हातचं जेवलेले."

रोफिक गुडघ्यांवर सरकत आला आणि तिचा हात धरून कपाळाला लावू लागला. "माक, पाया पडतो. जिवंत माणसाचं नाव असं घेतलं की आयुष्य वाढतं म्हणतात. शंभर वर्षं जगाल तुम्ही, इथेच, आमच्यात!"

शंभर वर्षं, इथेच. तिने हात सोडवून घेतला.

"शंभर कशाला? झालं ते पुरे झालं. साठ तोंडांनी फातिहा दिलीत, ती काय परत मागणार? आता माझं ऐका. या भिंतीवरच्या तेवीस जणांपैकी कोणाला तुम्ही कधी भात रांधायला उठवलंत? तुमिरानला झेंडे धुवायला लावलंत? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, आणि मेलेलं माणूस चुलीशी बसत नाही. मी उद्या सकाळच्या बसने बहिणीकडे चालले."

"अहो पण माक, मोसम सुरू होतोय," रोफिक म्हणाला. "निदान मोसम संपेपर्यंत..."

"मोसम दरवर्षी संपतो, रोफिक. माझ्या बहिणीचा डोळा एकदाच जाणार आहे."

रोफिकने मोदिनकडे पाहिलं, म्हाताऱ्याने तरी काही समजूत घालावी म्हणून. म्बाह सालेकान चष्मा पुसत होता. "यादी मीच वाचली," तो म्हणाला. "मी हिच्या लग्नातही होतो. नाव मला आठवायला हवं होतं. मी कोणत्या तोंडाने हिला थांब म्हणू?"

आता उरली बू काम्सिया. ती कोपऱ्यात, आपल्या पोराच्या फोटोखाली बसली होती. तिच्याकडे बघायची माकला हिंमत होईना.

"माझ्याकडे काय बघतेस?" काम्सिया म्हणाली. "इतकी वर्षं मी पोराला तुझ्या गळ्यात टाकून मोकळी झाले. माझ्या घराला भिंती नाहीत का?" ती उठली, पायाच्या बोटांवर उभी राहिली आणि तिने फोटो खिळ्यावरून उतरवला. मागे भिंतीचा जुना निळा रंग दिसला.

मग बाकीच्यांनाही काहीतरी करावंसं वाटलं. एकाने ढोल उचलला आणि तो कुठे न्यायचा हे न कळून तसाच उभा राहिला. रोफिक हळूच म्हणाला, "कांग जुमारींचा फोटो तुमच्या पिशवीत घालून देतो, माक."

ती त्या फोटोसमोर गेली. ढोलाच्या काठ्या हातात धरून तो हसत होता, कॅमेऱ्याकडे नव्हे, कॅमेऱ्यामागच्या गर्दीकडे.

"नको," ती म्हणाली. "ते जिवंत होते तेव्हाही तुमच्यातच असायचे. माझ्याकडे त्यांना करमायचं नाही. तुझ्या दुकानात लाव, टायरांच्या वर. तुमच्यापाशी खूश राहतील."

हे तिने रागाने म्हटलं नाही. पण म्हणताना तिचा आवाज कापला, आणि तो कापला हे साठ जणांनी ऐकलं.

सोमवारी ती बसमध्ये बसली. जेंबेर शहराच्या अलीकडे फोन वाजला. रोफिक विचारत होता, माक, झेंड्यांच्या कपाटाची किल्ली कुठाय? तिने सांगितली. डोंगर लागला तेव्हा पुन्हा वाजला, मोठं पातेलं घासायचं कशाने? तेही सांगितलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती फोनकडे बघत राहिली, आणि तो आपोआप थांबला. तरी वाटत होतं, आता बस वळेल, आता कोणीतरी मरेल, आता कोणीतरी येऊन हात कपाळाला लावेल.

सामिनी दारात बसून मासळी निवडत होती. पावलांची चाहूल लागली तशी तिने मान वर केली, डावा डोळा मिटला, उजवा बारीक केला आणि हात पुढे करून तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. बराच वेळ बघत राहिली.

"काय ग तिनी," ती म्हणाली, "केवढी म्हातारी झालीस!"